अमेरिकी दक्षिणेतील शहरांची रात्र आणि गे कथासाहित्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘दक्षिण’ म्हणजे येथे कोणता प्रदेश अभिप्रेत आहे?

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात संघराज्यातून फुटून निघालेली राज्ये, म्हणजे लुइझियाना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, टेक्सस आणि त्यांच्या शेजारची राज्ये, असा ढोबळ अर्थ येथे घेतला आहे. फ्लोरिडाही त्यांतच मोडते, परंतु मायामीच्या रात्रीला क्युबा आणि कॅरिबियन बेटांचे वळण इतके आहे की तिचा विचार स्वतंत्रपणे करणे बरे. पुढील उत्तरांचा भर न्यू ऑर्लिन्स, अटलांटा आणि ह्यूस्टन या तीन शहरांवर आहे, कारण या प्रकारच्या कथा-कादंबऱ्यांत रात्र जेथे खरोखर कथानक चालवते अशी ही शहरे आहेत.

या कथा सतत बारमध्येच का घडतात? दिवसा ही माणसे काय करतात?

दिवसा ही माणसे बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करतात, चर्चच्या गायकवृंदात गातात आणि आईला फोन करून मुलगी बघण्याचा विषय टाळतात. बारचा आग्रह लेखकांच्या लहरीतून आलेला नाही, तो कायद्यातून आला आहे. अटलांटातील एका गे बारमध्ये काम करणाऱ्या मायकेल हार्डविक यांना १९८२ मध्ये बारबाहेर उघड्यावर मद्य बाळगल्याबद्दल पोलिसाने समन्स दिले. त्या किरकोळ प्रकरणातील वॉरंट घेऊन तोच पोलीस पुढे त्यांच्या घरी पोहोचला आणि शयनगृहात दुसऱ्या पुरुषासोबत दिसल्यामुळे त्यांना अटक केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा वैध ठरला. तो निर्णय २००३ मध्ये फिरवला गेला, आणि तोही ह्यूस्टन परिसरातील एका अटकेवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात.

हार्डविक प्रकरणाचा क्रम लक्षात घेतला, तर या साहित्यातील एक मोठे कोडे सुटते. बारच्या दारातून सुरू झालेली गोष्ट स्वतःच्या शयनगृहापर्यंत येऊन भिडू शकते, हे पात्रांना ठाऊक असते. त्यामुळे बाहेर पडताना गाडी कुठे लावली, पाकिटात कुठले ओळखपत्र ठेवले, नाव काय सांगितले, असे तपशील लेखक सजावटीसाठी देत नाही. त्यांच्यावरच पुढची घटना बेतलेली असते. जी कादंबरी दिवस पूर्णपणे वगळते आणि केवळ दिव्यांची रोषणाई दाखवते, ती मला अर्धवट वाटते, कारण रात्रीची किंमत दिवसाच्या हिशेबातच कळते.

न्यू ऑर्लिन्स पुन्हा पुन्हा का येते?

पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. या शहरात बार बंद करण्याची सक्तीची वेळ नाही, आणि प्लास्टिकच्या पेल्यात मद्य घेऊन रस्त्यावर चालता येते. याचा कथेच्या बांधणीवर थेट परिणाम होतो. इतर शहरांत ठरावीक वेळेला दिवे लागतात, माणसे फुटपाथवर ढकलली जातात आणि कोण कोणाबरोबर जाणार याचा निकाल लेखकाला तिथेच लावावा लागतो. न्यू ऑर्लिन्समध्ये प्रसंग असा संपतच नाही. पात्र एका बारमधून दुसऱ्यात, तिथून कोपऱ्यावरच्या खाणावळीत आणि तिथून थेट सकाळच्या उन्हात येते. या शहरावरील कादंबऱ्या सैलसर, भटक्या आणि प्रसंगाला प्रसंग चिकटत जाणाऱ्या असतात, त्याचे निम्मे श्रेय मी अबकारी नियमांना देईन.

दुसरे कारण भूगोलाचे. बर्बन स्ट्रीटवर कॅनॉल स्ट्रीटच्या बाजूने चालत निघाल्यास सुरुवातीला पर्यटकांची झुंबड, स्वस्त गोड कॉकटेले आणि मोठ्या आवाजातले बँड लागतात. सेंट ॲन स्ट्रीटचा चौक आला की गर्दीची जात बदलते, बाल्कन्यांवर इंद्रधनुषी झेंडे दिसू लागतात. थोडे पुढे १९५३ पासून त्या जागी असलेला ‘कॅफे लाफीट इन एक्झाइल’ हा बार आहे आणि त्याच्या समोर ‘क्लोव्हर ग्रिल’ नावाची छोटी खाणावळ, जिथे बर्गर भाजताना त्यावर मोटारीच्या चाकाची धातूची टोपी पालथी घालतात. काउंटरवरच्या उंच स्टुलांवर ड्रॅग कलाकार (स्त्रीवेषात रंगमंचावर येणारे), रात्रपाळीचे वेटर आणि चुकून भरकटलेले पर्यटक खांद्याला खांदा लावून बसतात. एवढ्या लहान परिघात इतक्या थरांची माणसे मिळाल्यावर कोणता कथाकार दुसरीकडे जाईल?

तिसरे कारण मार्डी ग्रा या कार्निव्हलचे. कार्निव्हलच्या काळात या शहरात मुखवट्याला आणि वेषांतराला पिढ्यानपिढ्यांची मान्यता आहे. त्याच परंपरेचा आधार घेऊन १९५८ मध्ये ‘क्रू ऑफ युगा’ ही पहिली गे कार्निव्हल मंडळी उभी राहिली. १९६२ मध्ये तिच्या नृत्यसमारंभावर पोलिसांनी छापा घातला आणि ती संपली, पण त्याआधीच स्थापन झालेल्या ‘क्रू ऑफ पेट्रोनियस’ने तो वारसा पुढे चालवला. जॉन रेची यांची १९६३ ची ‘सिटी ऑफ नाइट’ ही कादंबरी अनेक शहरांतून फिरत अखेरीस न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रामध्ये येऊन थांबते. मुळात त्या कार्निव्हलनंतर मित्राला लिहिलेल्या एका पत्रातूनच तिचा जन्म झाला होता. पत्रातला दम आणि घाई त्या गद्यात शेवटपर्यंत जाणवते.

टेनेसी विल्यम्स यांना या परंपरेत धरायचे का? ते तर नाटककार होते.

धरायलाच हवे. १९३८ च्या अखेरीस ते न्यू ऑर्लिन्समध्ये आले आणि फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीतील भाड्याच्या खोल्यांतून त्यांना जे दिसले त्याचा उपयोग त्यांनी आयुष्यभर केला. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९४७) या नाटकात ब्लांश या नायिकेच्या मृत पतीचे समलिंगी असणे पडद्याआड राहते, परंतु तिच्या साऱ्या पडझडीचे मूळ तिथे आहे. त्यांच्या लघुकथांत मात्र आडपडदा बराच कमी आहे. ‘वन आर्म’ या कथेतील एक हात गमावलेला मुष्टियोद्धा न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर देहविक्रय करतो, आणि १९४८ साली हे इतक्या शांतपणे लिहिले गेले होते याचे आजही आश्चर्य वाटते. मराठी वाचकाला या लेखकाची ओळख नवी नसावी, कारण ‘स्ट्रीटकार’चे ‘वासनाचक्र’ हे मराठी रूप विजय तेंडुलकरांनी केले आहे.

१९७३ च्या आगीचा उल्लेख अनेक कथांत येतो. ती घटना काय होती?

२४ जून १९७३ रोजी, रविवारी संध्याकाळी, फ्रेंच क्वार्टरच्या कडेला आयबरव्हिल स्ट्रीटवर ‘अपस्टेअर्स लाउंज’ या बारला आग लावण्यात आली आणि तीत ३२ जणांचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये ऑरलँडोच्या ‘पल्स’ क्लबमध्ये ४९ जण मारले जाईपर्यंत अमेरिकेतील गे ठिकाणी झालेली ही सर्वांत मोठी जीवितहानी होती.

हा बार कसा होता, हे समजल्याशिवाय त्यावर बेतलेले साहित्य कळत नाही. जिना चढून वर गेल्यावर तीन जोड खोल्या लागत. एका खोलीत पियानो होता आणि त्याभोवती माणसे गात. आतल्या भागात छोटा रंगमंच होता, त्यावर हौशी प्रहसने होत. समलिंगी ख्रिस्ती लोकांची मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च ही मंडळी काही काळ तिथेच प्रार्थनेला जमत असे आणि त्या दिवशीही तिचे अनेक सभासद सकाळच्या उपासनेनंतर तिथे आले होते. रविवारच्या बिअरची ठरावीक वेळ नुकतीच संपली होती. खालच्या दाराची घंटा टॅक्सीवाला वाजवतो तशी वाजली, कोणीतरी दार उघडले, आणि जिन्यात ओतलेल्या ज्वालाग्राही द्रवाची आग वर उसळली. खिडक्यांना गज होते. बारमनने वीसेक जणांना मागच्या दाराने गच्चीवरून बाहेर काढले. धर्मोपदेशक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून मेले आणि त्यांचा मृतदेह रस्त्यावरून दिसेल असा कित्येक तास तिथेच राहिला. कोणालाही शिक्षा झाली नाही. शोकसभेसाठी अनेक चर्चांनी जागा नाकारली. शहराच्या परिषदेने औपचारिक माफी मागितली ती २०२२ मध्ये.

या घटनेवर लिहिताना लेखकांची कसोटी लागते. जळण्याची वर्णने करणे सोपे आहे. अवघड आहे ते पुढच्या सोमवारचे चित्रण : जखमी माणूस कामावर का आला नाही याची साहेबाला काय सबब सांगायची, रुग्णालयातल्या रुग्णाच्या घरी फोन करायचा की नाही, केला तर तो तिथे का होता हे कोण सांगणार. ज्या कथा इथपर्यंत जातात त्यांच्यात मला खरा दम दिसतो.

अटलांटाची रात्र न्यू ऑर्लिन्सहून वेगळी कशी?

न्यू ऑर्लिन्समध्ये माणूस हरवायला येतो आणि अटलांटात काहीतरी बनायला येतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. अलाबामा, कॅरोलायना आणि जॉर्जियाच्याच खेड्यांतून आलेल्या मुलांना येथे नोकरी, भाड्याची सदनिका आणि सभ्य अंतर ही तिन्ही मिळतात. पीचट्री स्ट्रीटवरचा ‘बॅकस्ट्रीट’ हा क्लब १९७० च्या दशकापासून २००४ पर्यंत चालला. खासगी क्लब म्हणून सभासदत्वाची सोय असल्याने तो चोवीस तास उघडा राहू शके आणि वरच्या मजल्यावर ड्रॅगचा कार्यक्रम चाले. शहराने नियम कडक केले, रात्रभर चालण्याची मुभा गेली आणि क्लबही गेला. आज त्या जागेवर उंच इमारत आहे. जमिनीचे भाव हेही अटलांटावरील कथांचे एक अघोषित खलपात्र आहे.

कृष्णवर्णीय गे मध्यमवर्गाची रात्र कादंबरीत आणण्याचे श्रेय बरेचसे ई. लिन हॅरिस यांना जाते. ‘इनव्हिजिबल लाइफ’ त्यांनी १९९१ मध्ये स्वखर्चाने छापली आणि अटलांटातील केशकर्तनालये आणि कृष्णवर्णीयांच्या पुस्तकांच्या दुकानांतून स्वतः विकली. १९९४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने ती नव्याने काढली आणि पुढे त्यांची पुस्तके खपाच्या याद्यांत सातत्याने झळकली. त्यांचे गद्य वाङ्मयीन दृष्ट्या फार बारीक कातलेले नाही, हे मान्य करावे लागते. परंतु ब्यूटी पार्लरमध्ये ड्रायरखाली बसलेल्या स्त्रियांनी ही कादंबरी वाचली, आणि आपल्या नवऱ्याच्या रात्रींबद्दल त्यांनी एकमेकींशी जे बोलणे केले असेल ते कुठल्याही समीक्षेपेक्षा मोलाचे होते.

अटलांटाच्या रात्रीचा शेवट बहुधा वॉफल हाउसमध्ये होतो. १९५५ मध्ये याच परिसरात सुरू झालेली ही पिवळ्या फलकाची खाणावळ कधी बंद होत नाही. चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला कलाकार आणि पहाटेच्या पाळीला निघालेला ट्रकचालक शेजारी बसून बटाट्याचा कीस खातात, हे दृश्य लेखकांनी इतके वापरले आहे की आता ते जपून वापरावे, असा सल्ला मी नव्या लेखकांना देईन.

ह्यूस्टनमध्ये तर चालायला रस्तेही नाहीत. तिथे कसली रात्र?

आक्षेप रास्त आहे, आणि ह्यूस्टनवरील लेखनाचे वैशिष्ट्य नेमके त्यातच आहे. येथे रात्र मोटारीच्या काचेतून दिसते. माँट्रोज या जुन्या गे वस्तीतून शहराच्या कडेपर्यंत पोहोचायला महामार्गावरून तासभरही लागू शकतो, आणि बार रात्री दोन वाजता बंद होतात. म्हणून निर्णय घेण्याचे ठिकाण बहुतेक वेळा वाहनतळ असते. ब्रायन वॉशिंग्टन यांच्या ‘लॉट’ (२०१९) या संग्रहातील अनेक कथांची नावे ‘एलीफ’, ‘लॉकवुड’ अशी शहराच्या भागांची आणि रस्त्यांची आहेत. कृष्णवर्णीय आई आणि लॅटिन वंशाचा बाप अशा मिश्र घरातील तरुण निवेदक कुटुंबाच्या उपाहारगृहात राबतो आणि पुरुषांकडे ओढला जातो. वाढते घरभाडे, वादळानंतरची पडझड आणि निघून गेलेली भावंडे यांच्या मधल्या फटीत त्याची रात्र बसते. त्यांच्या ‘फॅमिली मील’ (२०२३) मध्ये बार हे नोकरीचे ठिकाण म्हणून येते. ग्लास धुणारा, बर्फ आणणारा, शेवटी पैसे मोजणारा माणूस मध्यभागी ठेवला की रात्रीवरचे उगाचचे धुके विरते. या साहित्यप्रकाराने अलीकडे घेतलेले हे वळण मला सर्वांत आश्वासक वाटते.

या कथांत वंशभेद कसा येतो?

दारातच येतो. १९७० आणि ८० च्या दशकांत दक्षिणेतील अनेक गे बार गोऱ्या ग्राहकाला एक ओळखपत्र मागत आणि कृष्णवर्णीय ग्राहकाला दोन किंवा तीन. याविरुद्ध अटलांटासह अनेक शहरांत निदर्शने झाली. त्यातून कृष्णवर्णीय गे लोकांचे स्वतंत्र क्लब, घरगुती मेजवान्या आणि ‘हाउस’ नावाची मानलेली कुटुंबे वाढली. न्यू ऑर्लिन्समध्ये १९९० च्या दशकाअखेरीस केटी रेड यांनी बाउन्स या तिथल्या नाचाच्या हिप-हॉप संगीतात पारलिंगी कलाकार म्हणून उघडपणे पाऊल टाकले, आणि पुढे बिग फ्रीडिया यांनी ते जगभर नेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या लेबर डेच्या (कामगार दिनाच्या) एकाच सुट्टीत न्यू ऑर्लिन्समध्ये ‘सदर्न डेकडन्स’ आणि अटलांटात ‘ब्लॅक प्राइड’ हे दोन मोठे उत्सव होतात. कोणते पात्र कोणत्या दिशेने गाडी हाकते यावर एक अख्खी कथा लिहिता येईल.

चर्चचा उल्लेख इतका का असतो?

दक्षिणेत रविवार सकाळ टाळता येत नाही. बॅप्टिस्ट घरात वाढलेला मुलगा रविवारी पहाटे तीनला परततो आणि नऊ वाजता इस्त्रीच्या सदऱ्यात बाकावर बसतो; वाद्यवृंदात ऑर्गन वाजवणाऱ्याबद्दल सर्वांना सर्व ठाऊक असते आणि कोणीही काही बोलत नाही. धर्माला सरसकट खलनायक ठरवणाऱ्या कथा मला पोकळ वाटतात, कारण या पात्रांचे गाणे, पाठांतर आणि भाषेतली लय चर्चमधूनच आलेली असते. ड्रॅगच्या रंगमंचावर चर्चमधले गॉस्पेल गाणे सुरू झाले की प्रेक्षक का रडतात, हे त्याशिवाय समजणार नाही.

ड्रॅग कलाकार हे केवळ विनोदासाठी येतात का?

चांगल्या लेखनात नाही. जॉर्जियातील सव्हाना शहराच्या ‘क्लब वन’मध्ये काम करणाऱ्या लेडी शॅब्ली या एका सत्यकथेतील पात्र म्हणून जगप्रसिद्ध झाल्या, आणि त्यांच्या जिभेची धार वाचकांच्या लक्षात राहिली. परंतु ड्रॅग हा कष्टाचा धंदा आहे : भाड्याचा पोशाख, बक्षिसीच्या चुरगळलेल्या नोटा, टाचांनी सोललेले पाय. २०२३ मध्ये टेनेसीने सार्वजनिक ड्रॅग कार्यक्रमांवर निर्बंध आणणारा कायदा केला आणि तो लगोलग न्यायालयात गेला, तेव्हापासून या पात्रांभोवतीचे ताण पुन्हा वाढले आहेत.

गुप्तहेर कादंबऱ्या किंवा हलकीफुलकी पुस्तके आहेत का?

आहेत. ग्रेग हेरेन यांची स्कॉटी ब्रॅडली मालिका ‘बर्बन स्ट्रीट ब्लूज’ (२००३) पासून सुरू होते. नायक पूर्वी बारमध्ये नाचत असे आणि खुनाच्या भानगडीत ‘सदर्न डेकडन्स’च्या गर्दीतच सापडतो. शोकांतिकेचा कंटाळा आलेल्या वाचकाने येथून खुशाल सुरुवात करावी.

अगदी नव्या वाचकाने काय क्रम ठेवावा?

लघुकथा आधी वाचाव्यात, म्हणजे प्रथम विल्यम्स आणि मग वॉशिंग्टन. त्यानंतर जिम ग्रिम्स्ली यांची ‘बुलेव्हार्ड’ (२००२) घ्यावी. अलाबामाच्या गावातून १९७० च्या दशकातील न्यू ऑर्लिन्समध्ये आलेला न्यूवेल हा तरुण शहर जसे शिकतो तसा वाचकही शिकतो. रेची सर्वांत शेवटी, कारण त्यांच्या गद्याला सवय लागते. लैंगिक वर्णने यांपैकी बहुतेक पुस्तकांत स्पष्ट आहेत. ती केवळ प्रौढांसाठीच योग्य आहेत, आणि रेची तसेच ग्रिम्स्ली यांच्यात हिंसाही आहे.

मराठी वाचकाने हे का वाचावे?

अटलांटाजवळच्या अल्फारेटा किंवा ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही त्यांच्याच शहराची दुसरी पाळी आहे. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी दुवा कायद्याचा आहे : ह्यूस्टनच्या खटल्यातील २००३ च्या निकालाची चर्चा भारतीय सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या कलम ३७७ विषयीच्या निकालातही आहे. मराठीत सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’सारख्या कादंबरीत सारे काही घरात, भाड्याने दिलेल्या खोलीत आणि आईवडिलांच्या नजरेखाली घडते. मुंबईत लोकलची शेवटची गाडी, पुण्यात वसतिगृहाचे फाटक बंद होण्याची वेळ, ही आपल्याकडील रात्रीची कुलपे आहेत, आणि ती कथानकात कशी वापरावीत हे अटलांटा-ह्यूस्टनच्या लेखकांकडून शिकण्यासारखे आहे.

या कथांतील ठिकाणे प्रत्यक्ष पाहता येतात का?

न्यू ऑर्लिन्समधील बरीच दिसतात, अटलांटातील फारशी नाहीत. अपस्टेअर्स लाउंजच्या इमारतीसमोर फुटपाथमध्ये स्मृतिफलक बसवलेला आहे. पायाखालून जातो, म्हणून खाली पाहत चालावे. ‘सदर्न डेकडन्स’ ही १९७२ मध्ये मित्रांच्या एका घरगुती मेजवानीतून सुरू झाली आणि आज लेबर डेच्या आधीचे दिवस हॉटेले महाग आणि हवा असह्य दमट असते. २००५ मध्ये कतरिना वादळाने शहर बुडाले असतानाही मोजक्या रहिवाशांनी ती मिरवणूक काढली होती. निवांतपणे बार पाहायचे असतील तर नोव्हेंबरातला एखादा मंगळवार निवडावा; बारमनला बोलायला वेळ असतो आणि त्याच्याकडच्या गोष्टी छापील पुस्तकांत सहसा मिळत नाहीत.